सादळलेला तंबाखू

नातवंडांनो, परवा व्हिडिओवर बोलताना तुमच्यातल्या धाकटीनं मागच्या खोलीतलं कपाट पाहिलं आणि विचारलं, आजोबांच्या बरण्या कुठं गेल्या, एकच कशी उरली? उत्तर लांबलचक होतं आणि तुमची शाळेची बस यायची होती, म्हणून आता नीट लिहून पाठवते. बाबांना वाचून दाखवायला सांगा. मोठ्या आजींचं वऱ्हाडी बोलणं बाबांच्याच तोंडी शोभेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. तंबाखू मला कधी आवडला नाही आणि आजही आवडत नाही. आमच्या यवतमाळात पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणारी तरणी मुलं दिसतात, त्यातल्या काहींचं तोंड पुढं दोन बोटंसुद्धा उघडत नाही. तेव्हा आजी लिहिते म्हणजे चांगलंच असेल असं समजू नका. पण तुमच्या आजोबांचा पाइप आणि त्यांचा तंबाखू मुरवण्याचा नाद हा आमच्या घरातला मोठा भाग होता, आणि तो वगळून त्यांच्याबद्दल लिहिता येत नाही.

आजोबा वणीला कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होते. खाणीत उतरताना प्रत्येकाची झडती होई. काडेपेटी, विडी, लायटर काहीही आत न्यायचं नाही. दिवसभर त्यामुळे पाइप घरीच असायचा. संध्याकाळी आंघोळ करून, कोळशाची काजळी डोळ्यांच्या कडांतून निघेपर्यंत तोंड धुऊन, ते कॉलनीतल्या आमच्या व्हरांड्यात बसत आणि एकच पाइप ओढत. निवृत्त होऊन आम्ही यवतमाळला घर बांधलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यावरही बंधन घातलं. फक्त रविवारी, तोही अर्धाच. आजोबांनी ते निमूटपणे मानलं. शिस्तीचा माणूस. पण तुमचे बाबा दर भेटीला तिकडून विमानातून तंबाखूचे डबे आणतच राहिले. ओढणारा कमी ओढायला लागला आणि आणणारा आणतच होता, तेव्हा साठा वाढला. त्या साठ्याचं काय करायचं या विचारातून मुरवणं सुरू झालं.

त्यांनी कुठंसं वाचलं होतं की पाइपचा तंबाखू काचेत हवाबंद ठेवला तर वर्षानुवर्षं सुधारत जातो. पानातली साखर हळूहळू आंबते, जिभेला झोंबणारा तिखटपणा जातो, रंग गडद होतो. मला हे ऐकून हसू आलं. मी म्हटलं, "म्हणजे लोणचंच की." ते म्हणाले, "लोणच्यात तेल, मीठ, मोहरी घालावी लागते. यात काहीच घालायचं नाही. फक्त हात लावायचा नाही."

बरण्या माझ्याच. तारेची खिट्टी आणि रबराची कडी असलेल्या, लिंबाच्या लोणच्यासाठी घेतलेल्या. लिंबाचा वास त्यांतून जाता जाईना. सोडा घालून, उन्हात उलथ्या ठेवून तो घालवला. तंबाखू भरताना आजोबा बोटांनी दाबत, पण ठासत नसत. वर जरा हवा राहिली पाहिजे म्हणत. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी मी लिहायची, पानाचा प्रकार आणि भरल्याचा महिना. मग सगळ्या बरण्या घराच्या सर्वांत थंड खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात. इथला उन्हाळा तुम्ही पाहिला आहे. मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं. तंबाखूला त्यातलं काही कळू नये अशी ती जागा होती.

दिवाळीत एक बरणी उघडायची असा नेम पडला. फराळ झाला की आजोबा खिट्टी उचलत, आणि आम्ही दोघं वास घेत असू. मी सुरुवातीला नाक मुरडून, मग सवयीनं, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं उत्सुकतेनं. ते म्हणत, "अंजीर." मी म्हणे, "कापसाच्या जिनिंगमधली ओली सरकी." ते म्हणत, "चामडं, नवीन." मी म्हणे, "मोहफुलं, वाळत घातलेली." आमचं कधी जुळायचं नाही, पण त्या वादात संध्याकाळ छान जाई. जुन्या तंबाखूवर कधी कधी पांढरे बारीक कण दिसतात. पहिल्यांदा मला ती बुरशीच वाटली. आजोबांनी भिंग आणून दाखवलं, ते साखरेसारखे चमकणारे खडे होते. मुरल्याची खूण ती.

तुमच्यातल्या थोरल्याचा जन्म झाला त्या वर्षी भरलेली बरणी मात्र कधी उघडली नव्हती. ती सर्वांत मागे होती.

मग करोनाची दुसरी लाट आली. आजोबांना ताप आला, आठवड्यानं उतरला, ऑक्सिजन लागला नाही, आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्यांचं नाक गेलं. आधी मला ते किरकोळ वाटलं. एवढ्या लोकांचं जातं आणि येतं. त्यांचं आलं नाही. आंबलेली भाजी ते मुकाट्यानं खात. एकदा गॅस चालू राहिला होता आणि ते त्याच खोलीत पेपर वाचत बसले होते. मी बाजारातून आले म्हणून बरं. त्या दिवसापासून मी शेगडीचा खटका बाहेर जाताना स्वतः बंद करते.

रविवारचा पाइप त्यांनी काही आठवडे ओढून पाहिला. मग म्हणाले, "गरम हवा आहे नुसती." आणि पाइप पुसून कातडी पिशवीत ठेवून दिला. डॉक्टरांना आनंद झाला. मलाही व्हायला हवा होता.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज ओळखीचे वास घ्यायचे, मेंदूला आठवण करून द्यायची, कदाचित येईल. मी चार डब्या केल्या. लवंग, लिंबाची साल, गुलाब, निलगिरी. रोज चहाच्या आधी तबकात मांडायच्या. आजोबा खुर्चीत ताठ बसून एकेक डबी नाकाशी धरत आणि खाणीतल्या हजेरीसारखं म्हणत, "लवंग, गैरहजर. लिंबू, गैरहजर." हसत म्हणत, पण रोज आधी डोळे मिटत. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

त्या दिवाळीला मी विचारलं, बरणी काढू का? म्हणाले, "नको. एकदा हवा लागली की मुरणं संपलं. ते मुरताहेत, मुरू दे. मी आलो की उघडू." मी आलो की, असं म्हणाले, जणू घरात बसलेला माणूस दुसराच कोणी होता. पुढच्या दिवाळीलाही तेच. कपाट बंद राहिलं.

आता मागच्या उन्हाळ्यात येते. माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या मोठ्या आजी, दिग्रसकडच्या आपल्या गावाहून वाळवणं करायला आल्या होत्या. दरवर्षी मे महिन्यात त्या येतात. मोठे आजोबा गेल्यापासून जास्तच दिवस राहतात. कुरड्या, मुगवड्या, गव्हाच्या शेवया. गच्चीवर त्यांचं राज्य. मला त्या चीक ढवळूसुद्धा देत नाहीत. म्हणतात, "तुह्या हातानं गाठी होतात. तू पुस्तक वाच." मी निमूट खाली येते.

त्याच आठवड्यात आम्हा दोघांना वणीला जावं लागलं, आजोबांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला. मुक्काम पडणार होता. जाताना मी जाऊबाईंना म्हटलं, मागच्या खोलीत झोपा, तिथं थंड असतं, पंखाही चांगला आहे. पांघरूण कपाटात आहे. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पांघरूण खरंच त्याच कपाटात होतं.

लग्न आटोपून आम्ही दुपारच्या एसटीनं परतलो. उन्हानं दोघांचीही डोकी जड झाली होती. दार उघडताच जाऊबाई लगबगीनं आल्या, पाण्याचे पेले हातात दिले आणि आजोबांना म्हणाल्या, "भाऊजी, बरं झालं मी आली म्हणून. तुमचा सगळा तंबाखू गेलता वाया!"

आजोबांनी पेला खाली ठेवला. "काय झालं, वहिनी?"

"अवो, सादळला होता ना पुरा! बरणीत हात घातला त ओला गच्च. वरून पांढरी पांढरी बुरशी. इतका महागाचा माल, पोरानं इमानातून आणला, अन् तुम्ही अंधारात कोंबून ठेवला! मी म्हटलं, आज ऊन चांगलं हाय. दोन दिस वाळवला वरतं. आता पाहा, पापडावानी कुरकुर करून राह्यला."

मी आजोबांकडे पाहिलं नाही. जिना चढून वर गेले. कुरड्यांच्या शेजारी, जुन्या साड्यांवर, कपाटातला सगळा तंबाखू पातळ पसरलेला होता. अगदी निगुतीनं, कडेला विटा ठेवून, उडू नये म्हणून. जाऊबाईंच्या घरी तंबाखू म्हणजे वाळलेलं पान. ओला तंबाखू म्हणजे नासलेला तंबाखू. त्यांनी तो वाचवला होता. तेवढ्या उन्हात गुडघे दुखत असताना जिने चढून उतरून वाचवला होता.

आजोबा मागून आले. चिमूटभर उचलून बोटांत चोळला, त्याची भुकटी झाली. मला विचारलं, "कशाचा वास येतोय?"

मी नाकाशी नेला. काही तरी बरं सांगावं असं वाटलं, पण इतकी वर्षं वासाच्या बाबतीत मी त्यांच्याशी खरं बोलत आले होते. म्हटलं, "वाळल्या गवताचा. आणि साडीचा."

ते म्हणाले, "हं."

जाऊबाई जिन्यात उभ्या होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांचा आवाज उतरला. "काहून? खराब झालं का काही?"

आजोबा म्हणाले, "नाही वहिनी. वाळलाय चांगला." मग हातावरची भुकटी झटकत, "सगळ्या बरण्या उघडल्या का?"

"एकीचं झाकण निंघेच ना. तार गंजली व्हती तिची. थे तशीच ठेवली उन्हात, म्हटलं काचीतून तरी ऊन लागन."

पाण्याच्या टाकीशेजारी ती उभी होती. थोरल्याच्या जन्माच्या वर्षाची. काच इतकी तापली होती की मी पदरानं धरून ती खाली आणली.

संध्याकाळी जाऊबाई देवळात गेल्या तेव्हा आम्ही दोघं त्या बरणीपुढे बसलो. आतला तंबाखू काळाभोर दिसत होता, पूर्वी तांबूस होता. बंद काचेत दोन दिवस ऊन खाल्लं की तंबाखू जणू शिजतो, असं आजोबा म्हणाले. त्यानं तो बिघडतो किंवा फार चांगला होतो. कोणतं झालं हे बाहेरून कळत नाही. आणि आता ही एकच उरली होती.

मी म्हटलं, "उघडू या. मी वास घेऊन सांगते."

"तू सांगशील," ते म्हणाले. "आणि मला पुन्हा भरून मुरवायला वेळ आहे का?"

ते ऐंशीला टेकले होते. बरणी गार झाल्यावर मी ती पुन्हा कपाटात ठेवली. वाळलेला तंबाखू कागदात गोळा करून मागच्या दाराशी टाकायला काढून ठेवला. जाऊबाई देवळातून आल्या, तो कागद पाहून म्हणाल्या, "फेकून राह्यली का? फेकाले कायले पाह्यजे? मले दे." मी म्हटलं, घ्या. त्या काय करणार आहेत हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं तबक मांडलं. आजोबा बसले. लवंग, गैरहजर. लिंबू, गैरहजर. आज आवाजात हसू नव्हतं. गुलाबाची डबी त्यांनी उघडलीच नाही, हातात धरून बसले. मी उगाच लग्नातल्या जेवणाबद्दल काही बोलत होते, मठ्ठा फार आंबट होता वगैरे.

ते म्हणाले, "काय जळतंय?"

मी म्हटलं, "वहिनी मागं काही तरी भाजताहेत." आणि मठ्ठ्याचं वाक्य पुढं सुरूही केलं. मग माझी जीभ थांबली. त्यांच्याही हातातली डबी खाली आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"जळतंय ना?" त्यांनी विचारलं. "की मला वाटतंय?"

खरंच जळत होतं. मला तोवर जाणवलंच नव्हतं, इतका तो सकाळचा नेहमीचा धूर समजून मी सोडून दिला होता. आजोबा चप्पल न घालता मागच्या अंगणात गेले. जाऊबाई चुलीपुढे उकिडव्या बसून जुन्या तव्यावर तो वाळका तंबाखू परतत होत्या. त्यांना दात घासायला मिसरी लागते. तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, चाळायचा. तुमच्या बाबांनी विमानातून आणलेल्या, आजोबांनी वर्षानुवर्षं जपलेल्या पानांची त्या मिसरी करत होत्या. धूर इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

आजोबांना तसं धावत आलेलं पाहून जाऊबाई घाबरल्या. "रागावू नका भाऊजी, तिनंच देल्ला मले. फेकणारच व्हती थे."

"नाही, नाही. हलवा. थांबू नका, हलवा."

ते तव्यावर वाकले. ठसका लागला, खोकले, पुन्हा वाकले. जाऊबाई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "अव बाई, ह्यायले काय झालं? धूर खाऊन राह्यले."

मी म्हटलं, "त्यांना वास येतोय."

"वास त येईनच! तंबाखू जळून राह्यला, अत्तर थोडीच हाय." मग त्यांच्या लक्षात आलं, कारण आजोबांचं नाक गेल्याचं त्यांनाही ठाऊक होतं. उलथणं हातात तसंच राहिलं. "खरंच का, भाऊजी?"

"जळकं," आजोबा म्हणाले. "नुसतं जळकं. पण येतंय." ते आत गेले, लवंगेची डबी घेऊन आले, हुंगली, मान हलवली. लिंबू हुंगलं, मान हलवली. पुन्हा तव्यावर वाकले आणि हसू लागले. "लवंग नाही, लिंबू नाही. वहिनींची मिसरी येतेय."

"मंग रोज भाजत जाईन," जाऊबाई म्हणाल्या. "पन तंबाखू तुमचा लागन. माह्या साध्या तंबाखूनं तुमचं नाक उघडते का नाही, मले मालूम नाही." आणि पदरानं डोळे पुसले. धुरानं, म्हणाल्या.

आजोबा मला म्हणाले, "बरणी आण."

मी म्हटलं, "थोडे दिवस थांबू या. आज नुसता करपट वास आलाय. आणखी येऊ दे. एवढी वर्षं थांबलात."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आण."

अंगणातल्या बाजेवर ते बसले. गंजलेली तार पकडीनं कापावी लागली. रबराची कडी सुटताना बारीक फुसकन आवाज झाला. मी हातभर अंतरावर उभी होते, तरी मला तो वास पोचला. काळ्या मनुका. गुळाचा पाक, अगदी करपण्याच्या आधीचा. आणि त्याखाली काही तरी आंबूस, लाकडाच्या वखारीत पावसाळ्यात येतं तसं. बिघडलेला नव्हता. इतकी वर्षं दिवाळीला जेवढ्या बरण्या उघडल्या, त्यांतल्या एकीलाही असा वास नव्हता. तव्यावरचा धूरसुद्धा त्यानं बाजूला सारला.

आजोबांनी बरणी दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेली. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मला राहवेना, मी बोलायला तोंड उघडलं.

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "सांगू नको."

जाऊबाईंनी तवा खाली उतरवला. आजोबांनी बरणी जरा दूर नेली, पुन्हा जवळ आणली, एकदा डाव्या नाकपुडीनं, एकदा उजव्या. कपाळावर आठ्या पडल्या, जशा शब्दकोड्यात अडल्यावर पडतात.

"पोतं," ते शेवटी म्हणाले. "ओलं पोतं. गोदामातलं."

जाऊबाईंनी गालाला हात लावला. "घ्या! पोतं हुंगासाठी इतकी मेहनत? पोती त आपल्या गावी कोठा भरून हायेत, भाऊजी. म्हटलं असतं त पाठवली असती."

आजोबा इतके हसले की बरणी मला धरावी लागली. मी त्यांना मनुकांबद्दल काही सांगितलं नाही. त्यांनी हात पुढं केला, बरणी परत घेतली आणि पुन्हा नाकाशी नेली.